एक आयन सोपा, हजार अवघड

यटर्बिअम-१७१ या समस्थानिकाचा एक अणू घ्यावा आणि त्यातला एक इलेक्ट्रॉन काढून टाकावा. उरलेल्या आयनाची सगळ्यात खालची ऊर्जापातळी बारीक फरकाने दोन भागांत विभागलेली असते. त्या दोन भागांमधलं अंतर वारंवारतेत मोजलं तर सुमारे १२.६४२८ अब्ज हर्ट्झ भरतं. आयन बोल्डरच्या प्रयोगशाळेतला असो, बीजिंगमधला असो की पुण्यातला, आकडा तोच. या दोन पातळ्यांपैकी एकीला ० म्हटलं आणि दुसरीला १, की क्यूबिट तयार. क्वांटम संगणक बांधू पाहणाऱ्यांना आयनांचा मोह पडतो तो याचमुळे. अतिवाहक धातूचे क्यूबिट माणसाला घडवावे लागतात. दोन नग कधीच तंतोतंत सारखे निघत नाहीत, म्हणून प्रत्येकाचं वेगळं मोजमाप घेऊन त्याला वेगळं जुळवून घ्यावं लागतं. आयनांत नगागणिक फरक पडायचा प्रश्नच नाही. शिवाय आयनाची स्मृती लांब असते. एका यटर्बिअम आयनातली क्वांटम अवस्था तासाभराहून अधिक टिकू शकते, हे बीजिंगच्या त्सिंगह्वा विद्यापीठातल्या गटाने २०२१ मध्ये दाखवलं.

मग अडतं कुठे? आयनावर पहिली क्वांटम तर्कक्रिया झाली १९९५ मध्ये, एकाच बेरिलियम आयनावर. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्वांटिन्युअम या कंपनीने आपलं ‘हेलिऑस’ हे यंत्र खुलं केलं, त्यात ९८ क्यूबिट होते. म्हणजे तीस वर्षांत एकावरून शंभराच्या आत. याच तीस वर्षांत संगणकाच्या चिपवरचे ट्रान्झिस्टर लाखांवरून अब्जांवर गेले. हे इतकं हळू का झालं आणि पुढे वेग कुठून येणार, हे समजून घ्यायचं तर आधी एका आयनाचा संसार पाहायला हवा.

धातूचा कण छोट्या भट्टीत तापवतात. वाफ होऊन सुटलेल्या अणूंवर लेझर टाकला की एक इलेक्ट्रॉन निघून जातो आणि अणू धन प्रभाराचा आयन होतो. हे सगळं निर्वात पात्रात चालतं. आतला दाब आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाचा पन्नास लाख कोटीवा भागही नसतो. आता या आयनाला हवेत, खरं तर हवेच्या अभावात, एका जागी अडकवून ठेवायचं आहे. भिंतीला तो लागला की संपला.

स्थिर विद्युतक्षेत्राने हे होत नाही. सॅम्युएल अर्नशॉ यांनी १८४२ मध्येच सिद्ध केलं होतं की स्थिर क्षेत्र प्रभाराला सगळ्या बाजूंनी आत ढकलू शकत नाही. दोन दिशांनी आत ढकललं तर तिसऱ्या दिशेने ते बाहेर ओढतंच. जर्मनीत बॉन विद्यापीठात वोल्फगांग पॉल यांनी १९५० च्या दशकात यावर तोड काढली: क्षेत्र स्थिर ठेवायचंच नाही, सेकंदाला कोट्यवधी वेळा उलटंपालटं करायचं. चार समांतर दांड्या घ्यायच्या. समोरासमोरच्या दोन दांड्यांना काहीशे व्होल्टचा रेडिओ-वारंवारतेचा दाब द्यायचा, उरलेल्या दोन स्थिर दाबावर ठेवायच्या. मधल्या अक्षावर क्षेत्र शून्य असतं आणि अक्षापासून दूर जावं तसं ते वाढत जातं.

इथे क्षणभर थांबायला हवं, कारण आत ढकलणं आणि बाहेर ओढणं समान वेळ चाललं तर दोन्ही एकमेकांना खोडून काढतील असंच प्रथम वाटतं. तसं होत नाही. क्षेत्र उलटंपालटं होताना आयन थरथरतो. ही थरथर बलाच्या नेमकी उलट्या तालात असते: आयन बाहेरच्या टोकाला असतो तेव्हा बल आत ढकलत असतं, आतल्या टोकाला असतो तेव्हा बाहेर. पण बाहेरच्या टोकाला क्षेत्र जास्त तीव्र असतं. त्यामुळे आत ढकलणारा धक्का दर फेरीत थोडा मोठा पडतो आणि सरासरीने आयन मध्याकडेच सरकतो. लांबीच्या दिशेने तो निसटू नये म्हणून दोन्ही टोकांना साधा स्थिर धन दाब पुरतो. या सापळ्यासाठी पॉल यांना १९८९ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. त्यात आणखी एक वाटा होता सिअ‍ॅटलच्या हान्स डेमेल्ट यांचा.

अडकलेला आयन तापलेला असतो, म्हणजे सापळ्यात जोरात हेलकावत असतो. त्याला शांत करतो तो लेझर. यटर्बिअम आयन ३६९.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतो. लेझरची वारंवारता त्याहून किंचित कमी ठेवली, तर आयन लेझरच्या दिशेने येत असतानाच डॉपलर परिणामामुळे ती त्याला बरोबर लागू पडते. तेवढ्यातच तो फोटॉन शोषतो आणि समोरून धक्का खातो. असे असंख्य धक्के खाऊन त्याचं तापमान केल्विनच्या हजाराव्या हिश्श्याखाली येतं. याच प्रकाशाने उत्तरही वाचता येतं. आयन १ या अवस्थेत असेल तर तो चमकतो, ० मध्ये असेल तर अंधारात राहतो. एकटा आयन चमकताना साध्या कॅमेऱ्यातही दिसतो. ऑक्सफर्डमध्ये डेव्हिड नॅडलिंगर यांनी एका स्ट्रॉन्शियम आयनाचं लांब एक्स्पोजरचं छायाचित्र काढलं होतं. दोन विद्युताग्रांच्या मधोमध एक फिकट ठिपका, बस. २०१८ मध्ये त्या छायाचित्राला ब्रिटनच्या विज्ञान-छायाचित्र स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं.

दोन आयन शेजारी ठेवले की दोघांचे धन प्रभार एकमेकांना ढकलतात. सापळा त्यांना आत दाबतो, आणि दोन्हींचा तोल साधून ते तीन ते पाच मायक्रोमीटर अंतरावर स्थिरावतात. अनेक ठेवले तर रांग लागते. या रांगेतल्या एकाला हलवलं की सगळे हलतात. १९९५ मध्ये इन्सब्रुक इथे काम करणाऱ्या इग्नासिओ सिराक आणि पीटर झोलर यांच्या ध्यानात आलं की ही सामायिक हालचालच दोन क्यूबिटांमधला निरोप्या होऊ शकते. त्याच वर्षी अमेरिकेत बोल्डरच्या ‘निस्ट’ या प्रमाणन संस्थेत क्रिस्टोफर मन्रो, डेव्हिड वाइनलँड आणि सहकाऱ्यांनी त्यातला कळीचा भाग करून दाखवला.

वाइनलँड यांची प्रयोगशाळा मुळात घड्याळांची होती. वेळ मोजण्यासाठी ज्यांनी आयनांना शांत बसवायला शिकवलं, त्यांनीच पुढे त्यांच्याकडून गणित करून घेतलं. आजही दोन्ही कामांची हत्यारं एकच आहेत. पुण्याच्या ‘आयुका’त यटर्बिअम आयनाचं प्रकाशीय घड्याळ उभारण्याचं काम चालू आहे. तिथली लेझर आणि निर्वाताची विद्या थेट क्वांटम संगणकाला उपयोगी पडणारी आहे. शेजारच्या ‘आयसर’मध्ये क्वांटम तंत्रज्ञानाचं स्वतंत्र केंद्र आहे. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेचं उद्दिष्ट आठ वर्षांत ५० ते १,००० क्यूबिटांची यंत्रं बांधण्याचं आहे. हजार क्यूबिट आयनांचे असतील तर काय काय लागेल, हेच यापुढे पाहू.

आज दोन आयनांची तर्कक्रिया बहुतेक ठिकाणी क्लाउस मोल्मर आणि आन्डर्स सोरेन्सन यांनी १९९९ मध्ये सुचवलेल्या रीतीने, किंवा तिच्या एखाद्या भावंडाने, करतात. लेझरचा धक्का आयनाच्या आतल्या अवस्थेवर अवलंबून राहील अशी योजना असते. धक्क्याने रांगेची हालचाल सुरू होते, एक फेरी पूर्ण करते आणि मूळ जागी परत येते. हालचाल संपते, पण मागे एक कला-फरक उरतो, आणि तो दोन्ही आयनांच्या अवस्था मिळून ठरवतात. दोघांची नियती आता एकत्र बांधली गेली, हेच एन्टँगलमेंट. क्रियेला काही दहा ते काहीशे मायक्रोसेकंद लागतात.

आता सरळ प्रश्न: रांगच लांब का करत जाऊ नये? रांगेत शंभर, हजार आयन बसवावेत आणि प्रत्येकावर लेझर रोखावा.

काही अंतरापर्यंत हे चालतं. आयनक्यू या कंपनीचं ‘फोर्टे’ हे ३६ क्यूबिटांचं यंत्र एकाच रांगेवर चालतं, आणि त्याचा मोठा फायदा असा की रांगेतल्या कोणत्याही दोन आयनांची थेट गाठ घालून देता येते. पण रांग वाढली की तिच्या हेलकाव्यांचे प्रकार वाढतात. N आयनांची रांग ३N तऱ्हांनी हलू शकते, आणि या तऱ्हांच्या वारंवारता एकमेकींना खेटू लागतात. आपल्याला हवी तीच हालचाल छेडायची तर लेझर अधिकाधिक हळुवारपणे चालवावा लागतो, म्हणजे क्रिया मंदावते. शिवाय रांग सरळ ठेवण्यासाठी लांबीच्या दिशेचा दाब कमी करावा लागतो, नाहीतर ती नागमोडी होते. दाब कमी केला की हेलकावे संथ होतात आणि बाहेरच्या विद्युतगोंगाटाने ती लवकर तापते. भर म्हणून, इतक्या निर्वातातही वायूचा एखादा चुकार रेणू येऊन आदळतोच. एका आयनावर आदळला तरी अख्खी रांग विस्कटते. रांग दहापट लांब, तर अपघातही दहापट.

त्सिंगह्वाच्या गटाने २०२४ मध्ये रांगेऐवजी पसरट थर करून ५१२ आयन एकत्र धरले आणि त्यातल्या ३०० आयनांवर चुंबकत्वाच्या प्रतिमानाचा अभ्यास केला. काम देखणं आहे, पण तिथे सगळ्या आयनांना एकदम हलवलं जातं. हव्या त्या दोघांची हवी तेव्हा गाठ घालणं ही वेगळी गोष्ट, आणि सर्वसाधारण संगणकाला तीच लागते. आयनांच्या अशा मोठ्या एकसंध स्फटिकांचं भवितव्य मला अनुकरणाच्या प्रयोगांत दिसतं, संगणकात नाही.

दुसरी वाट बोल्डरच्याच मंडळींनी दाखवली. डेव्हिड किएलपिन्स्की, मन्रो आणि वाइनलँड यांनी २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये आराखडा मांडला: रांग छोटीच ठेवा, आणि आयनांची ने-आण करा. सापळ्याचे अनेक कप्पे करायचे; काही साठवणीचे, काही तर्कक्रियेचे, काही वाचनाचे. गणितात ज्या दोन आयनांची गाठ पडायची असेल त्यांना त्यांच्या कप्प्यांतून काढून एकत्र आणायचं, क्रिया उरकायची, वेगळं करायचं आणि परत पाठवायचं. भुसावळच्या यार्डात डबे तोडून, सायडिंगला लावून, नव्या क्रमाने जोडतात, तसंच हे शंटिंग आहे. फरक इतकाच की डब्यातला माल धक्क्याने फुटणारा आहे.

चार दांड्यांच्या सापळ्यात हे जमणारं नव्हतं. त्यासाठी सापळाच उलगडून सपाट केला गेला. २००६ मध्ये ‘निस्ट’ने चिपच्या पृष्ठावर सगळी विद्युताग्रं छापलेला सापळा चालवून दाखवला. त्यात आयन चिपच्या वर काही दहा मायक्रोमीटरवर तरंगतात. रेडिओ-वारंवारतेच्या लांब पट्ट्या त्यांना त्या उंचीवर धरतात आणि बाजूच्या छोट्या विद्युताग्रांवरचा दाब क्रमाक्रमाने बदलला की आयन चिपवरून सरकतो. चिप छापायची विद्या सेमीकंडक्टर उद्योगाकडे तयार होती. सापळे कारखान्यात बनू लागले ते इथून.

सरळ सरकवणं सोपं. जोडी फोडणं नाजूक. एका खळग्याचे दोन खळगे करताना मधे एक क्षण असा येतो की आयनांना धरून ठेवणारा दाब जवळजवळ नाहीसा होतो, आणि नेमके तेव्हाच ते तापतात. त्याहून अवघड चौक ओलांडणं. दोन मार्ग मिळतात तिथे रेडिओ-क्षेत्राचा शून्य अक्ष मोडतो, वाटेत चढ उभा राहतो आणि आयन त्यावरून हिसके खात जातो. आयनांना टी आकाराच्या नाक्यावरून वळवणं २००६ मध्ये मिशिगनला जमलं आणि चौकातून जवळजवळ न तापवता नेणं २००९ मध्ये ‘निस्ट’ला. पण उद्योगाने हा चौक बरीच वर्षं टाळला. हनीवेलच्या क्वांटम विभागातून २०२१ मध्ये क्वांटिन्युअम झाली, तिचं पहिल्या पिढीचं यंत्र सरळ पट्टीचं होतं. २०२३ चं ‘एच-२’ धावपट्टीसारखं लांबट गोल होतं: आधी ३२ क्यूबिट, २०२४ मध्ये ५६. ‘हेलिऑस’मध्ये मात्र साठवणीचं गोल कडं आणि क्रियेच्या दोन पट्ट्या यांच्यामध्ये खरा चौक आहे. आयन कड्यात फिरत राहतात, गरजेप्रमाणे चौकातून पट्टीवर येतात. ९८ या आकड्यापेक्षा मला हा चौक महत्त्वाचा वाटतो. विकल्या जाणाऱ्या यंत्रात रोजच्या रोज चौक ओलांडता येत असेल, तर जाळीसारखी चिप बांधण्यातली तत्त्वाची अडचण संपली.

झ्युरिकच्या ईटीएचमध्ये जोनाथन होम यांच्या गटाने चौकाची भानगडच मिटवून टाकायची वाट २०२४ मध्ये दाखवली. त्यांनी रेडिओ-क्षेत्र काढून टाकून त्या जागी सुमारे ३ टेस्लाचं स्थिर चुंबकीय क्षेत्र वापरलं. तिथे आयन प्रतलावर कुठूनही कुठेही नेता येतो. पद्धत नवी आहे, पण तिच्यावर लक्ष ठेवावं.

इतकी ने-आण केल्यावर आयन थोडा तापतोच, म्हणून क्रियेआधी त्याला पुन्हा थंड करावं लागतं. इथे पेच आहे. थंड करणारा लेझर त्याच आयनावर टाकला तर त्यातली क्वांटम अवस्था पुसली जाते. उपाय म्हणून प्रत्येक क्यूबिटासोबत दुसऱ्या जातीचा एक आयन जोडीला देतात. लेझर त्या जोडीदारावर पडतो, तो थंड होतो आणि प्रभारांच्या ओढाताणीतून क्यूबिटाची हालचालही थंडावते. ‘एच-२’मध्ये यटर्बिअम हिशेब करायचा आणि बेरिअम थंडावा द्यायचा. ‘हेलिऑस’मध्ये भूमिका उलट्या झाल्या: क्यूबिट बेरिअम-१३७ चे, थंडावा यटर्बिअमचा. कारण व्यवहारी आहे. यटर्बिअमला अतिनील प्रकाश लागतो आणि तो काचा-आरसे हळूहळू खराब करतो. बेरिअमचं ४९३ नॅनोमीटरचं काम डोळ्यांना दिसणाऱ्या हिरवट-निळ्या प्रकाशावर भागतं आणि त्याची साधनं स्वस्त व टिकाऊ मिळतात.

शंटिंग जमलं. आता वायरिंग.

वर्तमानपत्री लेखांत हा भाग येत नाही, पण मोठं यंत्र अडलं आहे ते नेमकं इथेच. एका आयनाला धरायला आणि हलवायला ढोबळमानाने दहा विद्युताग्रं लागतात. प्रत्येकाला स्वतःचा, क्षणोक्षणी बदलणारा, अत्यंत शांत दाब हवा. हजार आयनांना दहा हजार तारा. त्या सगळ्या निर्वात पात्राच्या भिंतीतून आत न्यायच्या, आणि प्रत्येकीच्या बाहेरच्या टोकाला महागडा दाब-जनक. हे बांधणं अशक्य नाही, पण वेडेपणाचं नक्की आहे. २०२३ मध्ये मालिनोव्स्की, ऑलकॉक आणि बॅलन्स यांनी वेगळी रचना सुचवली: साधे स्विच चिपवरच बसवा आणि मोजक्या दाब-जनकांची पाळी लावून सगळ्या विद्युताग्रांना त्यांतूनच दाब पुरवा. त्यांच्या हिशेबाने हजार क्यूबिटांना सुमारे २०० जनक पुरतात. क्वांटिन्युअमच्या गटाने जाळीच्या चिपवर २०२४ मध्ये याच धाटणीची युक्ती चालवून दाखवली. हालचालीचे दाब सगळ्या घरांना एकच, आणि प्रत्येक घराला वेगळा फक्त एक ‘हो’ किंवा ‘नाही’. ‘हो’ असेल तिथली जोडी जागा बदलते, ‘नाही’ असेल तिथली जागेवर राहते.

तारांनंतर प्रकाश. शंभर जागी क्रिया एकाच वेळी चालवायच्या तर शंभर जागी नेमके, स्थिर, अनेक रंगांचे लेझर झोत हवेत. टेबलभर आरसे मांडून दहा-वीस जागा भागतात, हजार नाही. म्हणून प्रकाशाच्या वाहिन्या चिपमध्येच पुरून आयनाच्या बरोबर खालून झोत वर सोडण्याचं तंत्र आलं. एमआयटीत २०१६ मध्ये सुरुवात झाली. २०२० मध्ये एमआयटीच्याच लिंकन प्रयोगशाळेने आणि ईटीएचने ते पुढे नेलं. अतिनील प्रकाश वाहिनीत बराच शोषला जातो ही त्यातली मुख्य अडचण. बेरिअमकडे वळण्यामागे हाही हिशेब आहे.

काहींनी तर्कक्रियेतून लेझरच हद्दपार करायचं ठरवलं. क्यूबिटाच्या दोन पातळ्यांमधलं अंतर सूक्ष्मलहरींच्या टप्प्यात येतं, मग सूक्ष्मलहरीच वापरा. मोबाइल उद्योगाने त्यांची साधनं स्वस्त केलेलीच आहेत. अडचण अशी की त्यांची तरंगलांबी काही सेंटिमीटर आणि आयनांमधलं अंतर काही मायक्रोमीटर, त्यामुळे एका आयनावर नेम धरता येत नाही. त्यावर चिपमधल्या तारांतून प्रवाह सोडून जागेजागेला बदलणारं चुंबकीय क्षेत्र तयार करतात. लहरी सगळ्यांवर पडतात, पण क्षेत्र जिथे जुळतं तिथलाच आयन प्रतिसाद देतो. ऑक्सफर्ड आयॉनिक्स या कंपनीने २०२४ मध्ये या मार्गाने दोन क्यूबिटांच्या क्रियेत ९९.९७ टक्के अचूकता गाठली. ऑक्सफर्ड विद्यापीठात २०२५ मध्ये कॅल्शियम-४३ च्या एकट्या आयनावर सूक्ष्मलहरींनी केलेल्या क्रियेत चूक आली ६७ लाखांत एक. त्याच वर्षी आयनक्यूने ऑक्सफर्ड आयॉनिक्स विकत घेतली. लांब रांगेची सगळ्यात मोठी पुरस्कर्ती कंपनी चिपच्या वाटेला लागली, यात बरंच काही आलं.

चिप लहान करत जाण्यालाही मर्यादा आहे. आयन पृष्ठाच्या जितका जवळ, तितका पृष्ठाचा विद्युतगोंगाट त्याला तापवतो, आणि हे तापणं अंतराच्या साधारण चौथ्या घाताने वाढतं. अंतर निम्मं केलं की सोळापट. धातूवर चिकटलेले कार्बनी रेणू यात दोषी असावेत. ‘निस्ट’ने २०१२ मध्ये आर्गॉनच्या माऱ्याने पृष्ठ घासून काढलं, तेव्हा तापणं शंभरपट कमी झालं. चिप अतिशीत ठेवण्यानेही मोठा फरक पडतो.

एक चिप कितीही सुधारली तरी तिला काठ असतोच. काठापलीकडे कसं जायचं याची दोन उत्तरं आहेत. ससेक्स विद्यापीठात विनफ्रीड हेन्सिंगर यांच्या गटाने दोन चिपा अगदी खेटून ठेवल्या आणि आयन एकीवरून दुसरीवर उचलून नेला, सेकंदाला २,४२४ वेळा. तो वाटेत न हरवण्याची खात्री ९९.९९९९९३ टक्के. २०२३ चा हा प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात कसलीही जादू नाही.

जादू दुसऱ्या उत्तरात आहे. आयन दूरच ठेवायचे आणि फोटॉनना भेटू द्यायचं. दोन सापळ्यांतल्या दोन आयनांनी एकेक फोटॉन सोडला, की त्या फोटॉनचा गुण आपापल्या आयनाच्या अवस्थेशी बांधलेला असतो. ते दोन्ही फोटॉन ऑप्टिकल फायबरने आणून एका अर्धपारदर्शक आरशावर भेटवायचे. पलीकडच्या शोधकांत ठराविक जोडीने टिकटिक झाली तर कोणता फोटॉन कुठून आला हे निसर्गालाही सांगता येत नाही, आणि एकमेकांना कधी न भेटलेले दोन आयन एन्टँगल होतात. मन्रो यांच्या गटाने २००७ मध्ये एक मीटर अंतरावर हे केलं. तेव्हा अशी एक गाठ पडायला सरासरी साडेआठ मिनिटं लागत. कारण आयन फोटॉन चहूकडे सोडतो, भिंगात थोडेच येतात, आणि दोन्ही एकाच वेळी यावे लागतात. २०२० मध्ये ऑक्सफर्डने सेकंदाला १८२ गाठी आणि ९४ टक्के गुणवत्ता गाठली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथल्याच गटाने दोन मीटरवरच्या दोन सापळ्यांत टेलिपोर्टेशनने तर्कक्रिया घडवली आणि शोधाचं एक छोटं गणित दोघांत वाटून सोडवलं. दूरच्या क्रियेची अचूकता ८६ टक्के होती. एका चिपवरच्या क्रियेला ९९.९ म्हणतात तिथे ८६ हा आकडा लंगडा आहे. पण या दुव्याला पुन्हा प्रयत्न करायला काहीच जात नाही. गाठ पडली की शोधक कळवतो, नाही पडली तर पुन्हा फोटॉन सोडायचे. गणितातला क्यूबिट तोवर सुरक्षित असतो. कच्च्या अनेक गाठींमधून एक पक्की गाठ गाळून घेण्याच्या रीतीही माहीत आहेत.

या दोन उत्तरांत निवड करायचीच नाही, असं माझं मत आहे. चिपच्या आत ने-आण, शेजारच्या चिपेशी थेट हस्तांतर आणि खोलीपलीकडे फोटॉन, अशी उतरंड लागेल. फोटॉनचा वेग वाढेपर्यंत बहुतेक भार पहिल्या दोघांनाच वाहायचा आहे.

अचूकता एवढी चांगली असूनही चुका उरतात. ‘हेलिऑस’च्या दोन क्यूबिटांच्या क्रियेची जाहीर अचूकता ९९.९२१ टक्के आहे, म्हणजे साडेबाराशे क्रियांमागे साधारण एक चूक. उपयोगी गणितांना कोट्यवधी क्रिया लागतात. त्यासाठी अनेक आयन मिळून एक तार्किक क्यूबिट बनवतात आणि चुका होताहोताच पकडतात. आयन हलते असल्याचा खरा फायदा इथे मिळतो. स्थिर क्यूबिटांना शेजाऱ्यांशीच बोलता येतं, म्हणून त्यांना एका तार्किक क्यूबिटामागे शेकडो घटक खर्चावे लागू शकतात. आयन कुणालाही भेटू शकतो, म्हणून चुका पकडण्याचे काटकसरी संकेत वापरता येतात. एप्रिल २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि क्वांटिन्युअम यांनी ३० आयनांतून चार तार्किक क्यूबिट केले आणि चुका ८०० पट घटल्याचं जाहीर केलं. ‘हेलिऑस’वर ९८ मधून ४८ तार्किक क्यूबिट काढल्याचा कंपनीचा दावा आहे.

वेळ मात्र या यंत्रांची दुखरी नस आहे. क्रियेला शंभर मायक्रोसेकंद लागोत; त्याआधीची ने-आण आणि थंडावा यांतच बहुतेक वेळ जातो. वर सांगितलेल्या २०० जनकांच्या रचनेत हजार क्यूबिटांवर सेकंदाला क्रियांचे ४० ते २,६०० थर बसतात; थर म्हणजे एकाच वेळी होणाऱ्या क्रियांचा एक संच. अतिवाहक यंत्रात चुका तपासण्याची एक फेरी सुमारे एका मायक्रोसेकंदात होते. मे २०२५ मध्ये गूगलच्या क्रेग गिडनी यांनी हिशेब मांडला की २,०४८ बिटांची आरएसए किल्ली फोडायला दहा लाखांहून कमी क्यूबिट आणि आठवड्याहून कमी वेळ पुरेल. त्यांनी धरलेली फेरी मायक्रोसेकंदाची होती. आयनांची फेरी मिलिसेकंदाची धरली आणि दुसरं काहीच बदललं नाही, तर आठवड्याची एकोणीस वर्षं होतात. काटकसरी संकेतांनी आणि एकाच वेळी अनेक कप्पे चालवून हा आकडा खाली आणता येईल, पण हजारपटीची पिछाडी सहजी भरून निघत नाही. म्हणून किल्ल्या फोडणारं पहिलं यंत्र आयनांचं असेल असं मला वाटत नाही. थोड्या क्यूबिटांत, थोड्या थरांत, पण फार अचूकपणे करायची रेणूंची आणि पदार्थांची गणितं मात्र आधी त्यांच्याकडेच जातील. अशा यंत्राची नवी घोषणा वाचाल तेव्हा क्यूबिटांच्या संख्येशेजारी सेकंदाला किती थर हा आकडा छापला आहे का ते पाहा, आणि नसेल तर तो मागा.